तळ्याकाठचे चाळीस एल्फ

आमच्या छापखान्यातल्या मुद्रितशोधक ताईंचा कशावर म्हणून विश्वास नव्हता. भिंतीवरचं घड्याळ त्या हातातल्या घड्याळाशी ताडून बघायच्या, आणि मी जुळवलेलं पान तर चोरीचा माल तपासावा तसं उलटसुलट करायच्या. सोळा वर्षं मी शेजारच्या टेबलावर काढली, पण माझ्यावरचा संशय काही फिटला नाही.

त्याहून जास्त संशय सख्ख्या धाकट्या भावावर. वडील अंथरुणाला खिळले तेव्हा तो दूर निघून गेला आणि ताई उशाशी बसून राहिल्या. तिकडे त्याने एल्फ लोकांची कादंबरीमाला लिहिली. टोकदार कानांचे, हजारो वर्षं जगणारे हे लोक एका काळ्या तळ्याकाठी जन्मले. पहिल्या भागात ते तळं सोडून पश्चिमेला निघतात. काही डोंगरात थांबतात, काही रानात, उरलेले समुद्र गाठतात. छपाई आमच्याकडे, तपासणी ताईंकडे. कुणी कुठली नदी कधी ओलांडली, त्याचा पेन्सिलीने काढलेला नकाशाच त्यांनी भिंतीवर चिकटवला होता.

शेवटच्या, पाचव्या भागाचं हस्तलिखित वाचताना ताईंनी एकदम पेन खाली ठेवलं. समुद्राकडचे एल्फ तळ्याकाठी परततात, तर तिथे त्यांचे चाळीस भाऊबंद वाट बघत बसलेले!

"हे कुठून उपटले? पहिल्या भागात तळं रिकामं झालं होतं, मला पाठ आहे. एकतर हा विसरलाय, नाहीतर शेवट कुणाचा तरी ढापलाय."

"फोन करून विचारा की."

"चोरालाच विचारू, चोरी केलीस का म्हणून?"

मलाही ते पटलं, कबूल करतो. ताई तडक मालकांकडे गेल्या आणि छपाई थांबवा म्हणाल्या.

मालक वैतागले. "सख्ख्या भावावर आळ घेताय, ताई. उद्या तोंड बघणार नाही तो तुमचं. आधी पुरावा आणा."

पहिल्या भागाचं मूळ हस्तलिखित आम्ही माळ्यावर चढून शोधून काढलं. ताईंनी धूळ झटकून नेमकं ते पान उघडलं आणि एका ओळीवर बोट ठेवलं. मी मान लांब करून वाचलं: 'चाळीस जण मागे राहिले. ज्यांना चालवत नव्हतं, त्यांच्याजवळ कुणीतरी थांबायला हवं होतं.' त्यावर लाल रेघ. समासात ताईंचंच अक्षर: 'पुढे संबंध नाही. काढावे.'

इतक्या वर्षांत ताईंची चूक सापडावी म्हणून मी टपून होतो. सापडली, तर मला त्यांच्याकडे बघवेना.

त्यांनी तिथूनच भावाला फोन लावला. "तळ्याकाठचं वाक्य मी खोडलं होतं. तू कधी बोलला का नाहीस?"

माळ्यावरच्या शांततेत त्याचं उत्तर मलाही ऐकू आलं. "मला वाटलं, ताई, त्या वाक्यात मी मागितलेली माफी तुला नकोय."

फोन कानाला तसाच धरून ताईंनी खोडलेल्या ओळीखाली एकेक ठिपका द्यायला घेतला. आमच्या कामात त्याचा अर्थ, खोडलेलं पुन्हा घ्या.

मग डोळे पुसून मला म्हणाल्या, "पहिला भाग नव्याने जुळवा. आणि हे पान मला दाखवा. तुमचा भरवसा नाही."