सहीची रेघ

त्या शुक्रवारी मी अविनाशला केबिनमध्ये बोलावलं, दार लावलं आणि म्हणालो, "अव्या, बस. एक सांगायचंय." तो बसला. तेवढ्यात एका अशिलाचा फोन आला. मी तो घेतला... खरं सांगायचं तर फोन आला म्हणून मला सुटल्यासारखं वाटलं. "सोमवारी बोलू," मी खुणेनं सांगितलं. दारात थांबून त्याने नेहमीसारखी मान झुकवली. "येतो, मिलॉर्ड." सोमवारी ऑफिसला येताना व्हिटबी स्टेशनच्या पार्किंग लॉटमध्ये तो कोसळला. त्याला जाऊन आता सहा आठवडे झाले.

सोलापूरच्या लॉ कॉलेजात आम्ही एका बाकावर होतो. मी लवकर कॅनडात आलो. त्याने तिकडे वीसेक वर्षं वकिली केली आणि माधवीवहिनींना इथे नर्सची नोकरी लागली तेव्हा सत्तेचाळिसाव्या वर्षी आला. आपली सनद इथे चालत नाही. परीक्षा पुन्हा द्यायच्या, आणि मग इथल्या वकिलाच्या हाताखाली आठ महिने उमेदवारी करायची, तिला आर्टिकलिंग म्हणतात. परीक्षा तो पहिल्या झटक्यात पास झाला. उमेदवारीला मात्र कोणी घेईना. "माझे पांढरे केस बघून त्यांना वाटतं, मीच त्यांचा इंटरव्ह्यू घ्यायला आलोय," तो म्हणायचा. शेवटी मी म्हणालो, माझ्याकडे ये.

उमेदवारीचा करार इथल्या वकिलांच्या संस्थेकडे नोंदवावा लागतो. नोंद नसेल तर एकही दिवस धरत नाहीत. त्याच सुमारास मुदत चुकवल्याबद्दल एका अशिलाने तिथेच माझ्याविरुद्ध तक्रार केली होती. अर्ज केला तर माझ्या नावावर अडेल, अव्याला कळेल, मग मराठी मंडळात सगळ्यांना... चौकशी संपली की पाठवू, असं मी ठरवलं. "फॉर्म गेला का रे?" त्याने विचारलं. "केव्हाच सबमिट केला," मी म्हणालो.

दुसऱ्या महिन्यात ग्वेल्फच्या एका वकिलाने त्याला उमेदवारीसाठी बोलावलं. तो पत्र घेऊन माझ्याकडे आला. "इथले एवढे दिवस झालेत, आता कशाला बदलू?" म्हणाला आणि माझ्याकडे बघत राहिला. तेव्हा एक वाक्य पुरलं असतं. मी म्हणालो, "तू बघ बाबा." त्याने ग्वेल्फला नकार कळवला.

गेल्या रविवारी मी वहिनींकडे गेलो आणि सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, "ह्यांना माहीत होतं, भावोजी."

त्या पुढे सांगत राहिल्या.

"मी म्हणायचे, विचारा त्यांना. हे म्हणायचे, सुध्याचं काहीतरी अडलं असेल, तो स्वतः सांगेल." त्या आत गेल्या आणि एक जाड वही घेऊन आल्या. "ही न्या. मला घरात नको." चहाचं त्यांनी विचारलं नाही. मीही थांबलो नाही.

ती वही आता माझ्या टेबलावर आहे. रोज एक पान. वर दिवसाचा आकडा, तारीख, त्या दिवशी शिकलेलं काम, आणि तळाशी पट्टीने आखलेली रेघ, तिच्याखाली माझं नाव. ग्वेल्फला नकार कळवल्यानंतर दोनच आठवड्यांनी, एकसष्टाव्या दिवशी लिहिलंय, "संस्थेत फोन करून विचारलं. नोंद नाही." बासष्टावा दिवस नाहीच. पुढे चार महिने नुसत्या तारखा आहेत. काम तेवढ्याच बारकाईने लिहिलेलं, अक्षर तेच.

शेवटचं पान शुक्रवारचं. "सुध्या आज सांगणार होता. फोन आला. सोमवारी."

त्याखाली रेघ आखलेली आहे. आकडे थांबल्यावरही त्याने एकाही पानावर ती चुकवलेली नाही.

आता सही केली तर तीही खोटीच होईल. मी रोज सकाळी वही उघडतो, एक पान वाचतो, आणि पेन परत ठेवून देतो.