भाऊजींची पॅसेंजर

सर्व संबंधितांना या निवेदनाद्वारे गांभीर्यपूर्वक कळवण्यात येते की, रायपूरच्या चौबे कॉलनीत आमच्या भाऊजींइतका हट्टी इसम दुसरा नाही. असलाच, तर त्याने भाऊजींसमोर येऊ नये. त्याचा हट्ट सुटेल. भाऊजी म्हणजे माझ्या थोरल्या ताईचे यजमान. जन्मभर मालगाडीचे गार्ड होते. निवृत्तीनंतरही ताट यायला जरा उशीर झाला की घड्याळ पाहून विचारत, "काहून लेट होऊन राहिलं?" एकदा ते गोल बाजारात कुकरचं रबर आणायला गेले आणि वरातीच्या घोड्या पाळणाऱ्या एका ओळखीच्याकडून घोडीचं पिल्लू घेऊन परत आले. ताईने दारातच विचारलं, "रबर कुठं आहे?" भाऊजी म्हणाले, "एका हातात काय काय आणू?"

त्या घोडीचं नाव त्यांनी पॅसेंजर ठेवलं, कारण ती दर झाडापाशी थांबे. पुढे तिला शिकवायची वेळ आली, आणि भाऊजींना एकच शास्त्र येत होतं: हिरवी झेंडी दाखवली की निघायचं, लाल दाखवली की थांबायचं. घोडी इतकी तरबेज झाली की लोक गच्च्यांवरून बघायला उभे राहत. मग एका सकाळी भाऊजी तिच्यावर बसून एका झाडापाशी थांबले असताना समोरच्या गच्चीवर एका बाईंनी धुतलेली हिरवी साडी झटकली. भाऊजी भाजीच्या ठेल्यावर पडले आणि मांडीचं हाड मोडलं. स्ट्रेचरवरही ते सांगत होते, "तिले काही बोलू नका. सिग्नल भेटलं, ते निघाली."

हाडात सळई बसली. डॉक्टरांनी बजावलं की घोड्यावर बसणं आता कायमचं बंद, आणि लवकर उभे राहिले नाहीत तर पलंगही कायमचाच. हे दुसरं वाक्य ताईच्या मनात काट्यासारखं रुतून बसलं. व्यायाम करवायला येणाऱ्या दीदी रोज वॉकर पुढे करत आणि भाऊजी रोज डोळे मिटून घेत. "दीदी, लाइन क्लियर नाही." त्यांचा सारा जीव खिडकीबाहेर. तिथे बांधलेली घोडी दिवसभर पत्र्यावर लाथा मारी. सकाळी ते म्हणत, "विकून टाका, जनावराचे हाल होऊन राहिले." संध्याकाळी त्याच तोंडाने, "घोडी विकाचं बोललं कोन?" जिने नवऱ्याला मोडलं ती घोडी ताईला नजरेसमोरही नको होती, आणि हे ती कुणापासून लपवत नव्हती.

शेवटी पिल्लू ज्याच्याकडून आणलं होतं त्या घोडीवाल्याला तिनेच घोडी विकायला बोलावलं. तो नवा दोर खांद्यावर टाकून आला. तिथेही भाऊजींनी नियम काढलाच. आम्हा विदर्भवाल्यांत जनावर विकलं तरी दावं विकत नाहीत. मालकाने स्वतःच्या हाताने आपलं दावं सोडायचं, मगच सौदा पुरा.

"दावं मीच सोडीन," भाऊजी म्हणाले.

"पलंगावरून?" ताईने विचारलं.

घोडीवाला म्हणाला, "भैया, मैं खोल लेता हूँ ना."

"हव. अन् चालतोही तूच माझ्या बदल्यात," असं म्हणून त्यांनी वॉकर मागितला.

पलंगाची दांडी धरून ते उठले. ओठ पांढरे पडले होते. उंबरठ्यावर वॉकर डगमगला, ताई धावली. त्यांनी नुसत्या मानेनेच तिला परत पाठवलं. अंगणातलं अंतर ते अगदी सावकाश कापत होते, आणि आम्ही सगळे भिंतीला चिकटून उभे. घोडीपाशी पोचता पोचता वॉकर फरशीच्या फटीत अडकून कलंडला आणि भाऊजी सरळ तिच्या मानेवर आदळले. आता लाथ बसणार म्हणून मी डोळे झाकले. उघडले तेव्हा पॅसेंजर चारी पाय रोवून उभी होती, तिचा कानही हलत नव्हता, आणि तिच्या मानेला मिठी मारून भाऊजी स्वतःच्या दोन्ही पायांवर उभे होते.

मग हळूच त्यांनी दाव्याच्या गाठीला हात घातला. गाठ सैल होत आली. घोडीवाल्याने आपला दोर पुढे केला. ताई त्या दोघांकडे एकटक बघत होती, आणि मनात नसताना तिच्या तोंडून निघून गेलं:

"थांबा जी. घोडी गेली, तर उद्या यांले पलंगावरून उठवीन कोन?"