भाऊंचा रस्ता

"केवढं? हातानं दाखवा."

भाऊंना काहीही सांगायला गेलं की आधी हा प्रश्न यायचा. एकदा आमच्या जिन्यात साप निघाला. अख्खी बिल्डिंग खाली उतरली, मुलं रडायला लागली, आणि भाऊ चौकीदाराला विचारत होते, "कितना बड़ा? हाथ से दिखाओ." चौकीदाराने दोन्ही हात फाकले. भाऊ म्हणाले, "सच बोलो." हात थोडे जवळ आले. "सच बोलो." असं करत करत वीतभर साप उरला आणि माणसं आपापल्या घरी गेली.

दिल्ली परवडेना म्हणून गाझियाबादला येऊन राहिलेल्या नोकरदारांची आमची वसाहत. भाऊ वरच्या मजल्यावर राहायचे. मूळचे अमरावतीकडचे. एका सरकारी खात्यात प्रदर्शनांसाठी मॉडेलं बनवायची त्यांची नोकरी होती. धरणं, पूल, पवनचक्क्या. सकाळी आम्ही एकाच चार्टर्ड बसने दिल्लीला जायचो. जिन्यात "जयभीम वहिनी" म्हणायचे, आणि बस सुरू झाली की खिशातून मेणाचा गोळा काढायचे. शेजारच्याचा चष्मा, माझा जेवणाचा डबा, कंडक्टरची शिट्टी, जे समोर दिसेल ते नखाएवढं करून ठेवायचे. उतरताना ज्याचं त्याला देऊन टाकायचे. माझा तो डबा कितीतरी दिवस देवघरात होता, का ते मला सांगता येणार नाही.

वसाहतीपासून जवळच, हायवेला लागून, अंध मुलींची एक निवासी शाळा होती. रविवारी मी तिथे मोठ्या मुलींना पुस्तकं वाचून दाखवायची. एकदा भाऊंना सोबत नेलं. ते कोपऱ्यात नुसते बसून होते. तेवढ्यात एका लहान मुलीने विचारलं, "दीदी, पंखा दिखता कैसा है?"

रोज त्या पंख्याखाली ती झोपत होती. पण हात तिथवर पोचत नव्हता, मग कळणार कसं? निघताना भाऊंनी मान वर करून पंख्याची पाती मोजली. पुढच्या रविवारी ताटाएवढा पंखा घेऊन आले, फिरणारा.

तेव्हापासून त्यांचं ठरून गेलं. जे कवेत मावत नाही ते लहान करायचं, जे बोटाला लागत नाही ते मोठं. बस, पाण्याची टाकी, विजेचा खांब हे सगळं मांडीवर घेता येईल एवढं झालं. माशी कोंबडीएवढी झाली. तारेच्या पायांची, मांजराएवढी मुंगी त्यांनी कागदाच्या लगद्यातून केली तेव्हा मुली हरखून गेल्या. फक्त एकीने घाबरून विचारलं, "सर, इतनी बड़ी चींटी चीनी के डिब्बे में घुसती कैसे है?"

आम्ही हसलो. भाऊ हसले नाहीत. आठवड्याने त्यांनी विटेएवढा साखरेचा दाणा आणून मुंगीच्या तोंडाशी ठेवला. त्यानंतर प्रत्येक वस्तूबरोबर मापाला ओळखीचं काहीतरी असायचंच. बसशेजारी काडीएवढा माणूस, टाकीखाली तिळाएवढी बादली. "अंदाजे" या शब्दाचा त्यांना राग होता.

मोठ्या मुलींसाठी त्यांनी शाळेसमोरचा रस्ता केला. लाकडी पाटावर शाळेचं फाटक, फुटपाथ, हायवे, पलीकडचा फुटपाथ आणि बस स्टॉपचा खांब. मुली त्यावर बोटं फिरवून रस्ता पाठ करायच्या, मग बाईंबरोबर खरोखर ओलांडायच्या. सगळ्यांत तरबेज कमलेश. पानिपतकडच्या एका हवालदाराची मुलगी, बारावीला. आवाज ठणठणीत. मी वाचताना एखादा परिच्छेद गाळला तर तिला बरोबर कळायचं.

त्याच वर्षी चहूकडे खोदकाम सुरू झालं. शेतं होती तिथे टॉवरच्या जाहिराती उभ्या राहिल्या. आमच्या बिल्डिंगमध्ये एकेकाच्या दारात नवीन गाडी आली. भाऊंनाही बाहेरची कामं मिळू लागली. दिवाळीच्या सुमाराला एका कंपनीने प्रगती मैदानावरच्या व्यापार मेळ्यासाठी माणसापेक्षा उंच प्रेशर कुकर करून मागितला. शिट्टी वाजणारा, वाफ सोडणारा. भाऊंनी रजा टाकली. रात्रंदिवस त्याच्यामागे लागले. वाफ कशी सोडायची हे सांगताना त्यांचे डोळे चमकायचे. मुंगीसाठीही ते असे चमकलेले मी पाहिले नव्हते.

दिवाळीच्या सुट्टीत मुली घरी गेलेल्या असताना शाळेसमोरचा हायवे रुंद झाला. मधोमध सिमेंटचा डिव्हायडर आला. आम्हाला तो बसमधून दिसला होता. "पाटावर बसवायला हवा," भाऊ म्हणाले. "छोटंसं काम आहे. मेळा संपला की करतो."

सुट्टी संपवून कमलेश आली. वडिलांनी तिला जीपने थेट फाटकात आणून सोडलं, त्यामुळे रस्त्यात काय बदललं ते तिला ठाऊक नव्हतं. शनिवारी संध्याकाळी मावशीकडे जायचं म्हणून ती कुणाला न सांगता एकटीच निघाली. निघायच्या आधी पाटावर बोटं फिरवून गेली, असं तिच्या खोलीतल्या मुलीने नंतर सांगितलं.

ती नीट, काठी टेकत निघाली. काठीला सिमेंटची कड लागली. पलीकडचा फुटपाथ आला असं समजून ती वर चढली. आणि बस स्टॉपचा खांब शोधायला निर्धास्तपणे पुढे उतरली. उतरली ती थेट दुसऱ्या बाजूच्या गाड्यांमध्ये.

टेम्पोने उडवलं. जीव वाचला. पाय दोन ठिकाणी मोडला.

मी निरोप घेऊन वर गेले तेव्हा भाऊ मेळ्यातून नुकतेच आले होते. अंगावरच्या कपड्यांनिशी ते भिंतीला टेकून खाली बसले. म्हणाले, "वहिनी, मी कुकर मोठा करत बसलो. रस्ता लहानच राहिला."

पुढचे दिवस मी त्यांच्याबरोबर होते, म्हणून सांगते. दोष घ्यायला तो माणूस दारोदार हिंडला, पण द्यायला कोणीच तयार नव्हतं. शाळेच्या मुख्याध्यापिका, सगळे त्यांना बड़ी बहनजी म्हणत, म्हणाल्या, "आपकी क्या गलती? लड़की बिना बताए गई." हवालदारांपुढे भाऊ हात जोडून उभे राहिले, सगळं सांगितलं. त्या भल्या माणसाला आधी काही समजेचना. समजल्यावर त्यांनी भाऊंच्या खांद्यावर हात ठेवला. "मास्टरजी, आप तो खिलौने बनाते हो. मारा तो टेम्पो ने." त्या 'खिलौने' शब्दाने भाऊंचा चेहरा उतरला, तो मी पाहिला.

कमलेश मात्र वेगळी निघाली. हॉस्पिटलात आम्ही गेलो तेव्हा तिचा पाय प्लास्टरमध्ये वर टांगलेला होता. भाऊंचा आवाज ऐकताच तिने विचारलं, "सर, बीच में क्या था?"

भाऊंनी तिच्या पलंगावरची चादर चिमटीत धरून लांब घडी उभी केली. तिचा हात त्या घडीवर ठेवला. "ये. इसके इस तरफ़ भी सड़क, उस तरफ़ भी."

तिने घडीवरून बोट फिरवलं, एकदा, दोनदा. "आपको पता था?"

"हाँ."

"तो बताया क्यों नहीं?"

भाऊंनी ती घडी चिमटीत तशीच धरून ठेवली. सलाईनची बाटली बदलायला नर्स आली आणि गेली. मी काहीतरी सावरून घ्यायला तोंड उघडलं, तर कमलेशच म्हणाली, "नया बनाइए, सर."

माफ केलं असं ती म्हणाली नाही. आणि माझी खात्री आहे, म्हणाली असती तर भाऊ पुन्हा त्या शाळेत गेले नसते.

त्यांनी नवीन रस्ता केला. बाहेरची कामं बंद केली. घरात त्यावरून कुरबुर व्हायची, ती वरून खाली ऐकू यायची. पण नवा रस्ता पुरा होईतो शहर थांबलं तर ना! कधी डिव्हायडरमधला कट बंद व्हायचा, कधी बाजूला नवा सर्व्हिस रोड फुटायचा, कधी स्टॉपच उचलून पुढे जायचा. दर रविवारी सकाळी भाऊ टेप घेऊन हायवेवर. खोदकाम करणारी माणसं त्यांना सरकारी इन्स्पेक्टर समजून चहा पाजायची. भाऊ चहा प्यायचे, पुढे काय खोदणार ते विचारून घ्यायचे आणि संध्याकाळच्या आत पाट दुरुस्त करून यायचे. पाऊस, ताप, लग्नकार्य, काहीही असो.

कमलेश पुढे एका ऑफिसात टेलिफोन ऑपरेटर झाली. किंचित लंगडायची. अधूनमधून भाऊंच्या घरी तिचा फोन यायचा, "सर, आज सड़क कैसी है?" ती थट्टा करते की जाब विचारते, ते भाऊंना कधी कळलं नाही. पण ते प्रत्येक वेळी खुर्चीतून उठून उभं राहून उत्तर द्यायचे, सविस्तर. एकदा मी म्हटलं, "भाऊ, तिला एकदाचं सरळ विचारून टाका ना, की मनात काही आहे का." ते म्हणाले, "आणि नाही म्हणाली तर?"

रिटायर झाल्यावर ते अमरावतीला गेले. निजामुद्दीनला गाडी हलली तरी खिडकीतून मला सांगत होते, शाळेसमोर फ्लायओव्हरचे खांब आणून टाकले आहेत, लक्ष ठेवा. दोनेक वर्षांनी थंडीत त्यांच्या पत्नीचा फोन आला. भाऊ झोपेतच गेले होते.

कमलेशला मी ऑफिसात फोन लावला. बातमी सांगितली. ती म्हणाली, "दीदी, मैं उनसे गुस्सा थी. बहुत दिन थी. फिर नहीं थी. पर फोन करने की आदत हो गई थी." पलीकडे दुसरी घंटी वाजायला लागली. तिने ती बराच वेळ वाजू दिली.

बड़ी बहनजींना प्रत्यक्ष सांगावं म्हणून मी शाळेत गेले. आता मुलींना खऱ्या रस्त्यावर शिकवायला खास शिक्षक येतात. भाऊंचा पाट लहान मुलींच्या खेळायच्या खोलीत होता, फुटपाथच्या कडा बोटांनी झिजून गुळगुळीत झालेल्या. डिव्हायडरवर मातीची एक म्हैस बसवलेली होती, ओबडधोबड, एकच शिंग असलेली, आणि शेजारच्या ट्रकपेक्षा मोठी.

"हे काय?"

"छोटियों ने बनाई," बहनजी म्हणाल्या. "कहती हैं, वहाँ रोज़ बैठती है, सर ने लगाई ही नहीं."

मी बाहेर आले. संध्याकाळची गर्दी दोन्ही बाजूंनी वाहत होती. मधोमध, फाटकाच्या अगदी समोर, डिव्हायडरवर एक म्हैस रवंथ करत बसली होती. मुलींनी आकार चुकवला होता. जागा बरोबर होती.