चार गुंठ्यांतली सोयरीक

माझ्या व्याह्यांनी मला फसवले. हे मी चार माणसांत बोललो आहे, त्यांच्या तोंडावर बोललो आहे आणि आता लिहूनही ठेवतो. शिरूरच्या बाजारात बारदानाचा, म्हणजे रिकाम्या पोत्यांचा, धंदा मी सायकलच्या कॅरिअरवर सुरू केला. कांद्याच्या व्यापाऱ्यांपासून कारखान्याच्या स्टोअरकीपरपर्यंत भल्याभल्यांशी घासाघीस केली, आवाज चढवला आणि दर वेळी माझाच दर खरा करून उठलो. शिरूर आणि दौंड या दोन तालुक्यांत मला गंडवणारा माणूस एकच निघाला, आणि नेमकी त्याच्याच घरात मी मुलगी दिली.

व्याही दौंडला मालगाडीवर गार्ड होते. सडसडीत अंगाचे, कमी बोलणारे. नव्वद सालानंतर शिरूरमध्ये घरोघर फोन यायला लागले, त्या दिवसांत त्यांच्या मुलाचे आणि माझ्या मुलीचे जमले. लग्नाची यादी करायला म्हणून बैठक बसली. आमच्याकडे देण्याघेण्याची बोली कागदावर लिहून, त्याला कुंकू लावून दोन्ही बाजू सही करतात. मी तयारीनिशी बसलो होतो. समोरच्याने आकडा काढला की कसे हसायचे, कधी पानाचे तबक पुढे सारायचे, सगळे ठरवून ठेवले होते. व्याही म्हणाले, "हुंडा नको, मानपान नको. तुमच्या घरामागं चार गुंठे मोकळी जागा हाय, ती तीन पावसाळे मला झाडं लावायला द्या. तेवढं लिहा." त्यांची सारी नोकरी रेल्वेच्या क्वार्टरमध्ये गेली होती. तिथे लावलेले झाड रेल्वेचे. रिटायर झाल्यावर ते दोन खोल्यांच्या ब्लॉकमध्ये राहायला गेले, तेही वरच्या मजल्यावर. मी मनातल्या मनात म्हटले, माणूस भोळा आहे. पुढे त्या जागेवर चार गाळे बांधून भाड्याने द्यायचा माझा विचार होता, पण तीन पावसाळे काय, बघता बघता जातील. मी सही केली. माझ्या आयुष्यातली विनाघासाघिशीची ती एकमेव सही.

मग ते दर गुरुवारी यायला लागले. दौंडहून सकाळच्या एसटीने यायचे, मांडीवर रोपे घेऊन. एकदा पपईचे रोप मोठे होते, ते त्यांनी शेजारच्या सीटवर ठेवले आणि कंडक्टरकडे त्याचे हाफ तिकीट मागितले. कंडक्टर म्हणाला, "आबा, झाडाला कुठं तिकीट असतंय?" व्याही म्हणाले, "सीट अडवली हाय ना त्यानं? विदाउट तिकीट पॅसेंजर मी कवा नेला न्हाई." ते तिकीट आमच्या देव्हाऱ्यात बरेच दिवस होते. माझी बायको व्याह्यांचे काहीच टाकत नसे.

त्यांच्याकडे नोकरीतले लाल आणि हिरवे झेंडे होते. फाटले तसे त्यांनी त्यांच्या चिंध्या केल्या. फळ तोडायला आलेल्या झाडाला हिरवी चिंधी, थांबायचे असेल तर लाल. आळीतल्या बायका एरवी माझ्या दाराशी यायला घाबरत, त्या आता कुंपणावरून डोकावून हिरव्या चिंध्या शोधत. लाल चिंधीच्या पेरूला मी स्वतः हात लावला तेव्हा माझ्याच बायकोने मला हटकले, "सिग्नल न्हाई दिसला?"

पण त्यांचे खरे वेड वेगळेच होते. ते झाडे लावत नसत, सोयरिकी जमवत. कुठलेच झाड एकटे लावायचे नाही आणि भाऊबंदांशेजारी तर मुळीच नाही, हा त्यांचा नियम. मी एकदा हुशारी करून वांगी, टोमॅटो आणि मिरची एकाच वाफ्यात दाटीने लावली. वांगी सुकली, पाठोपाठ टोमॅटो गेले, मग मिरचीने मान टाकली. गुरुवारी व्याही आले, वाफ्यापाशी उकिडवे बसले आणि म्हणाले, "पाव्हणं, ही तिघं एका कुळीची. भाऊबंद एका बांधाला आले की एकाचं दुखणं दुसऱ्याला. शेजार सोयऱ्याचा असावा. सोयरा त्याचं घेऊन येतो, आपल्यातलं मागत न्हाई." पुढच्या खेपेला त्यांनी वांग्याशेजारी झेंडू लावला, म्हणाले की तो मुळातल्या किडीला घरात घेत नाही. मक्यावर चवळी चढवली, कारण चवळी जमिनीला खायला घालते. पायाशी भोपळा पसरला, तो माती झाकून ठेवतो. आंब्याच्या रोपाला सावली धरायला तूर, पश्चिमेला हादगा, शेवग्यावर कारल्याचा वेल, न्हाणीच्या सांडपाण्यावर केळी आणि केळीच्या पायाशी अळू. मोकळी माती दिसली की माझ्या वखारीतले फाटके बारदान आणून तिच्यावर घालत. "उघडी का ठेवायची तिला? लाज न्हाई का?" असे म्हणत. शिरूरच्या त्या मुरमाड जागेत, जिथे नीट गवतही उगवत नव्हते, दोन वर्षांत माणूस उभा केला तर दिसेना.

मला राग येत होता, पण काढायचा कुठे? मुलीचा बाप होतो मी. साऱ्या जगावर ओरडलेला माणूस, या एकाच माणसापुढे मला आवाज चढवता येत नव्हता. त्यामुळे गुरुवारचा राग मी शुक्रवारी हमालांवर काढायचो.

तिसरा पावसाळा सरला आणि मी ठेकेदाराला बोलावले. दौंडला निरोप धाडला. दोन दिवसांनी मुलीचा फोन आला. म्हणाली, "आप्पा, मामंजी दोन दिस धड जेवले न्हाईत."

"तुला काय बोलले का?"

"कायबी न्हाई. बोलले असते तर बरं झालं असतं."

फोन ठेवला आणि मी नफातोटा मांडायला लागलो. गाळे पाडून पुन्हा बांधता येतात. मुलीच्या सासरी एकदा अबोला आला की तो पिढी खातो. पण ठेकेदाराला शब्द दिला होता, आणि शब्द फिरवला तर मी बारदानवाला कसला?

ठरल्या दिवशी ठेकेदाराने चुन्याची फक्की टाकून चार गाळ्यांच्या पांढऱ्या रेघा आखल्या. मजूर कुऱ्हाडी घेऊन बसले. व्याही नेहमीच्या गाडीने आले, मुलगी बरोबर होती. ती स्वयंपाकघराच्या दारात उभी राहिली, पुढे आली नाही. मी भांडायच्या तयारीत होतो. व्याही म्हणाले, "पाव्हणं, बोली ती बोली. तोडा."

समोरचा भांडलाच नाही की माझी पंचाईत होते. सवयीने तोंडातून निघून गेले, "आंबा ठेवतो. कडेला हाय."

"एकटा? मग त्यालाच आधी तोडा."

"का म्हणून?"

"हादगा गेला की पश्चिमेचं ऊन सरळ खोडावर. साल भाजंल. तिळतिळ मरण्यापरीस एक घाव बरा."

"बरं, हादगाबी राहू द्या."

"राहील. पण वाऱ्यात मोडायचं झाड ते. आता शेवग्याच्या आडोशानं उभं हाय."

"शेवगा ठेवला."

"त्याच्या मुळाशी हळद हाय. ती उकरली तर त्याची मुळं उघडी पडत्यात."

मी एकेक पाऊल मागे घेत होतो आणि ठेकेदार पायाने फक्की पुसून रेघ मागे सरकवत होता. चाराचे तीन गाळे झाले, तिनाचे दोन. केळी तोडायचीच असा मी हट्ट धरला, तर तिच्या पायाशी असलेला अळू पुढे आला. लिंबासाठी अडलो, तर कढीपत्ता. व्याह्यांनी एकदाही काही मागितले नाही. प्रत्येक वेळी मीच देत होतो. दुपार झाली तेव्हा ठेकेदार पुसलेल्या रेघांमध्ये उभा राहून म्हणाला, "मालक, एवढ्यात गाळा न्हाई व्हायचा. कोंबड्याचं खुराडं व्हईल." आणि दारातून माझी मुलगी हसली. तोंडाला पदर लावून, पण मला ऐकू आले.

किती दिवसांनी ऐकले ते हसणे. खरे सांगतो, माझ्या डोळ्यांत पाणी येईल की काय असे वाटले, म्हणून मी ठेकेदारावरच खेकसलो आणि त्याला जेवून जायला सांगितले. व्याहीही जेवले. हादग्याच्या फुलांची भाजी होती, दोनदा मागून घेतली. मला फसवले म्हणतो ते हेच. सौदा हरून हायसे वाटायला लावणारा माणूस मी दुसरा पाहिलेला नाही. त्यानंतर माझी घासाघिशीची धारच गेली. गिऱ्हाईक दोन रुपये पाडून मागू लागले की मला वाटते, असू दे, ह्याचाही कुणीतरी सोयरा असेल.

पुढे किती पावसाळे झाले, मी मोजायचे सोडले. आंबा घराच्या कौलांपर्यंत गेला. व्याह्यांचे गुडघे मात्र गेले. एसटीची पायरी चढता येत नाही, म्हणून वर्षभर आले नाहीत. गुरुवारी मी वखारीत जरा उशिरा जातो. का, ते मलाच कळत नाही.

यंदा विहिरीकडच्या कोपऱ्यात एक रोप आपोआप उगवले आहे. कुणी लावले नाही, पाखरांनी बी टाकले असणार. बायको म्हणते रामफळ आहे, मला खात्री नाही. त्याच्या शेजारी काय लावायचे ते विचारायला मी दौंडला फोन केला. तिकडून उत्तर आले, "पाव्हणं, स्थळ बघितल्याबिगर कसं सांगू?"

हे चालणार नाही. माझ्या चार गुंठ्यांत हा उद्योग सुरू केला कुणी? मला काय कळते त्यातले? मी जीप पाठवतो, तिची पायरी खाली आहे, दोन माणसे धरायला देतो. पण त्यांनी स्वतः यावे, त्या रोपापाशी बसावे आणि ते कुणाचे कोण, याचा मला समोरासमोर जबाब द्यावा. रोप हातभर झाले आहे. अजून एकटेच उभे आहे.