राहिलेलं कडवं

गाण्याच्या बाबतीत मी कुणाचं ऐकून घेत नाही. साडीची निवड चुकेल, वरणात मीठ जास्त पडेल, पण कोणती कॅसेट टिकणार आणि कोणती जयंतीच्या मांडवाबरोबरच उतरणार, हे मी पहिलं कडवं ऐकून सांगते. लातूर नवा जिल्हा झाला, तिथल्या कचेरीत मला नोकरी लागली आणि मी नांदेडहून निघाले, तेव्हा ट्रंकेत कपडे कमी आणि कॅसेटी जास्त होत्या. आई म्हणाली, "नोकरीला चाललीस का गायन पार्टीत?"

मोठ्या कंपन्यांच्या कॅसेटींचं मला कधीच कौतुक नव्हतं. सगळ्यांत तोच वाद्यांचा गलबला, तेच तुपात घोळलेले गळे. मला आवडायच्या त्या गावोगावच्या पार्ट्यांनी आपल्या हिमतीवर भरलेल्या कॅसेटी. मुदखेडच्या एका पार्टीने स्टेशनजवळच्या घरात गाणी भरली होती. एका गाण्यात मधेच इंजिनाची शिट्टी होते, पेटीवाला गडबडून सूर सोडतो, गाणारा मात्र जागचा हलत नाही. उदगीरकडच्या तिघांच्या कॅसेटीत बेंजो इतका पुढे की शब्द मागून धावत येतात, तरी ती मी वाजवून वाजवून झिजवली. पण या सगळ्यांत पहिला नंबर औशाच्या मावशीचा.

ती माझी सख्खी मावशी नव्हे. ऑफिसातल्या मैत्रिणीच्या हळदीला औशाला गेले होते, तिथे या पन्नाशीच्या बाईने गाणं धरलं आणि माझ्या हातातला चहा निवून गेला. स्वतः रचायची, स्वतः गायची. मी तिथेच ठरवलं, हिची कॅसेट भरायची.

दुष्काळ होता. एका रविवारी टेपरेकॉर्डर घेऊन तिच्या घरी पोचले, तर ढोलकीवाला पोट भरायला पुण्याकडे गेलेला. शेजारणीने रिकामी घागर मांडीवर घेतली आणि ठेका धरला. त्या दिवसांत घागरींना दुसरं काम तरी काय होतं!

गाणं तळ्याचं होतं. ज्या तळ्यावर आमच्या लोकांनी पहिल्यांदा हक्काने ओंजळ भरली, त्या तळ्याचं. त्यात एक बाई ओंजळ तोंडापाशी नेते, थांबते आणि म्हणते, "आता इचारू कुनाला?" तिथे मावशीने आवाज असा काही खाली आणला की माझ्या अंगावर काटा आला. आता शेवटचं एकच कडवं राहिलं होतं. तेवढ्यात बाहेरून कुणीतरी ओरडलं, "टँकर आला!"

घागरवाली घागर घेऊनच पळाली. मावशीही उठली. म्हणाली, "पोरी, आधी पानी. गाणं कुठं पळून चाललंय?" मीसुद्धा कोपऱ्यातला हंडा उचलून धावले. परत आलो तेव्हा मावशीला दम लागला होता आणि टेप चालू राहिल्यामुळे सेल उतरले होते. तिथून पुढे कॅसेटीत नुसती धावती पावलं, भांड्यांचा आवाज आणि रिकामी खोली आहे. पुन्हा भरू म्हटलं, तर पाण्याच्या रांगांतून मावशीला उसंत मिळेना.

शेवटच्या कडव्यात रचणारा आपलं नाव घालतो, ही आमच्या गाण्यांची रीत. गाणं कुणाचं, याचा निवाडा त्यावरूनच होतो. मावशीचं नाव नेमकं टँकरने नेलं.

लातूरच्या कॅसेटवाल्या चाचांकडे मी प्रती काढायला दिल्या. त्यांनी विचारलं, "बेटी, टँकरवाला आवाज काढून टाकू का?" मी म्हटलं, हात लावायचा नाही. माझं बरोबरच होतं. कॅसेट गावोगाव गेली ती त्या आवाजामुळे. पाण्याच्या रांगेत दिवस काढलेल्या माणसांना तो ऐकून हसू यायचं. गाणं तिथे आलं की पोरं टेपबरोबर एका सुरात ओरडायची.

पुढे सुट्टीत नांदेडला गेले, तर बाजारातल्या एका दुकानात तेच गाणं वाजत होतं. पुरुषाच्या आवाजात, ढोलकी-पेटीसकट. शेवटी एक कडवं जोडलेलं आणि त्यात त्या पार्टीच्या गायकाचं नाव. माझं डोकं सणकलं. दुकानदाराला म्हटलं, हे गाणं औशाच्या बाईचं आहे. तो शांतपणे म्हणाला, "नाव हाय ना त्याचं? मंग त्याचंच."

मावशीला सांगितलं. वाटलं, चिडेल. ती तांदूळ निवडत राहिली. मग म्हणाली, "आजवर अमक्याची बायकू, तमक्याची माय. माझ्या नावानं कोन हाक मारतंय? त्या एका गाण्यात घातलं व्हतं बघ." मला रडू आलं आणि त्याहून जास्त संताप आला.

जयंती जवळ आली. लातुरात आमच्या वस्तीच्या मंडळाने नेमकी तीच नांदेडची पार्टी ठरवली. मी अध्यक्षांना गाठलं.

"भाऊ, ते गाणं मावशीचं आहे."

"ताई, तुमच्या टेपात तिचं नाव हाय का?"

"नाही."

"मंग आम्ही कशावरून धरावं? आता कुनीबी कडवं जोडील."

"जोडलेलं कोणतं आणि मूळचं कोणतं, ते मांडवाला कळतं. पार्टीच्या आधी तिला एक गाणं द्या."

ते बराच वेळ मान हलवत राहिले. पण मी हटले नाही, आणि शेवटी त्यांनी हो म्हटलं.

दिवस कलता मांडव भरला. नांदेडची पार्टी वाद्यं लावून मागे बसली होती. मावशी माइकपुढे उभी राहिली, शेजारीण घागर घेऊन खाली बसली, मी टेप चालू केला. गाणं रंगलं. बाईने ओंजळ तोंडापाशी नेली. "आता इचारू कुनाला?" आणि अख्खा मांडव ओरडला, "टँकर आला!" हशा, टाळ्या. लोकांच्या लेखी गाणं तिथेच संपत होतं. निवेदक माइक घ्यायला पुढे आला.

मावशीने माइक सोडला नाही. "त्या दिशी गेले," ती म्हणाली. "आज न्हाई जायची."

घागरीवर पुन्हा ठेका पडला आणि तिने राहिलेलं कडवं घेतलं. त्यात ती बाई स्वतःच उत्तर देते. कुणाला विचारायचं नाही, मी मलाच विचारलंय, असं म्हणते. मग आपलं नाव सांगते, गाव औसा सांगते आणि पाणी पिते. ते नाव नुसती सही नव्हतीच, त्या प्रश्नाचं उत्तर होतं. नांदेडच्या कडव्यात प्रश्न तसाच लोंबकळत राहिला होता. अध्यक्षांनी माझ्याकडे पाहिलं. मी त्यांच्याकडे पाहिलं नाही, मला गरज नव्हती.

मागून नांदेडचा गायक उठला. आता भांडण होणार म्हणून मी पदर खोचला. तो मावशीजवळ आला, खाली वाकला आणि म्हणाला, "मावशे, मला हे गाणं अर्धंच मिळालं व्हतं. शेवटचं कडवं आनिक एकदा म्हना, पाठ करून घेतो."

तिने ते पुन्हा म्हटलं, सावकाश, एकेक शब्द सुटा करून. म्हणून माझ्या कॅसेटीत तिचं नाव दोनदा आहे.