पाण्याची शीग

टँकरचं पाणी वाटणाऱ्यानं मला शिगेत फसवलं. लातूर जिल्हा नवा झाला, दुष्काळ जुनाच राहिला. मी धान्याचा व्यापारी. मापाच्या काठावर चढलेली रास, ती शीग; ती मी सोडत नाही.

तो माझी कळशी स्वतःच्या घमेल्यात ठेवायचा, एक डोळा मिटून भरायचा आणि म्हणायचा, "हाव, झालं."

"शीग कुठाय?"

"पाण्याला कुठं शीग असती, शेठ?"

मी काठावर फुगून उभं राहिलेलं, न सांडलेलं पाणी दाखवलं. त्यानं जीभ दातांत धरून आणखी थेंब सोडले. फुगवटा चढला.

"घ्या शीग. उचला आता."

उचलताच शीग घमेल्यात गेली.

रोज माझ्या शिगेवर त्याची डाळ शिजते. नव्या जिल्हा कचेरीतल्या साहेबांनी याचा जबाब द्यावा.