बगळीवरचा गेरू

गेरूची गोष्ट तुम्ही बहुधा ऐकली असेल. अकोल्याला किंवा अमरावतीला एखाद्या लग्नाच्या मांडवात माझ्या शेजारी बसला असाल, तर हमखास ऐकली असेल, आणि हसलाही असाल. वीस वर्षं मी ती सांगतो आहे, आणि वाईट सांगत नाही — उभा राहून, हातवारे करून, एकेकाचा आवाज काढून. आज जी सांगणार आहे ती मात्र कोणीच ऐकलेली नाही. माझ्या बायकोनंही नाही. आणि तिच्यापासून मी तंबाखूची चिमूटसुद्धा लपवू शकलेलो नाही.

गोष्ट तीच आहे. डागही तोच आहे. फक्त —

थांबा. आधी होड्यांचं सांगू द्या. (बघा, लगेच टाळायला लागलो.)

वऱ्हाडात शिडाच्या होड्या, हे ऐकून पुण्याकडचे लोक हसतात. हसू देत. अकोल्याहून दमणी जुंपून पहाटे निघालं की ऊन चढायच्या आत पूर्णेच्या एका डोहाशी पोचता येतं. दसऱ्यापासून संक्रांतीपर्यंत त्या डोहात भरपूर पाणी असतं आणि सकाळी बरा वारा असतो. बांधकाम खात्यातल्या एका गोऱ्या इंजिनियरानं तिथं आपली शिडाची होडी आणली होती. त्याची नागपूरला बदली झाली तेव्हा तो होडी मागं ठेवून गेला, आणि शर्यतींच्या नियमांचं एक पुस्तकही. होडी बघून करीम मिस्त्रीनं तशाच आणखी तीन बनवल्या. पुस्तक बघून मी मराठीत नियम लिहिले. आम्ही दहा-बारा जण, वकील, डॉक्टर, मास्तर, असा क्लब झाला. मी वकील, आणि क्लबाचा चिटणीस.

करीम मूळचा पातूरचा. सुतारकामात असा हात की रंधा मारलेल्या फळीवरून माशी घसरावी. त्याला क्लबात घ्यावं की नाही यावर दोन रविवार वाद झाला. मिस्त्री आपल्या बरोबरीनं शर्यतीत? त्याच्या बाजूनं भांडलं कोण? मी. टेबलावर मूठ आपटून भाषण केलं. ते भाषण मला अजून पाठ आहे, आणि आठवलं की कानशिलं तापतात.

मी लिहिलेल्या नियमांपैकी तीनच सांगतो, पुढं लागतील. होडी चिठ्ठी टाकून मिळायची, म्हणजे कोणी ‘माझी होडी हळू’ म्हणायला नको. चौघींना नावं होती — बगळी, म्हैस, टिटवी, मैना. बगळी पांढरी, म्हैस डांबर फासलेली काळी. दुसरा नियम वळणाचा. डोहाच्या दोन टोकांना रॉकेलचे रिकामे डबे तोंड बंद करून, दगड बांधून तरंगत सोडलेले असायचे. त्यांना दोन फेरे घालायचे, आणि प्रत्येक वेळी डबा आपल्या डाव्या हाताला ठेवून वळायचं. कायम डाव्याच. आणि तिसरा नियम — वळताना होडी डब्याला घासली, तर ज्याची घासली त्यानं स्वतःच शीड उतरवायचं आणि शर्यत सोडायची. कोणी बघितलं असो वा नसो. लपवल्याचं उघड झालं, तर क्लबातून बाहेर.

सगळं माणसाच्या शब्दावर! लिहिताना मला हा नियम फार उदात्त वाटला होता. प्रत्यक्षात काय झालं? पूर्णेच्या काठी संशयाचं पीक तरारून आलं.

“तुमची लागली डॉक्टर! म्या आपल्या डोयानं पाह्यलं.”

“तुमचे डोये त माह्या शिडाच्या मांगं होते, मास्तर. पाह्यलं कसं? कापडातून?”

“आन् मांगच्या रविवारी खर्रकन आवाज आला तो काहाचा होता?”

“माह्या गुडघ्याचा!”

जो तो दुसऱ्याच्या होडीकडे बघत आपली होडी हाकायला लागला. वरच्या अंगाचा डबा वळणापलीकडे होता, बाभळींच्या आड. काठावरून दिसत नसे. तिथून पुढं आलेल्या प्रत्येकाकडं बाकीचे असे बघत, जसं काही हा तिकडे खून करून आलाय. खोटं कशाला बोलू, मला ते आवडत होतं. मी हा इकडचा संशय तिकडे, तिकडचा इकडे नेत असे. मास्तरांच्या कानात डॉक्टरांचं सांगायचं, डॉक्टरांना पान देताना मास्तरांचं. फक्त करीमबद्दल कोणी काही बोलत नसे. सहापैकी पाच शर्यती त्यानं जिंकल्या होत्या, आणि सहावीत त्यानं आपणहून शीड उतरवलं होतं. “लागली साहेब,” एवढंच म्हणाला. कोणी बघितलंही नव्हतं.

त्या दिवशी सगळे त्याला शाबास म्हणाले. मीही म्हणालो. पण मनात म्हटलं, हे जरा जास्तच होतंय.

मोसमाच्या शेवटच्या शर्यतीआधी माझ्या डोक्यात एक गंमत आली. आमचे अध्यक्ष आबासाहेब, निवृत्त मुन्सफ. त्यांना म्हटलं, “आबासाहेब, आपण वरच्या डब्याला गेरू फासू. जवसाच्या तेलात कालवून, ओला. जो घासेल त्याच्या होडीवर उमटेल. शर्यत झाल्यावर होड्या तपासायच्या. तोवर तुम्ही आणि मी सोडून कोणाला कळायला नको.”

आबासाहेब बराच वेळ दाढी खाजवत राहिले. “चोर पकडाची हौस हाय तुले,” म्हणाले. मग हसले. “फास.”

मी स्वतः फासला. उजाडता उजाडता पाण्यात छातीपर्यंत उतरून, थंडीनं दात वाजत असताना, मनात संध्याकाळच्या गप्पा रचत. कोण सापडेल? डॉक्टर की मास्तर? सापडल्यावर त्याचं तोंड कसं होईल? त्याची नक्कल मी तिथंच पाण्यात करून पाहिली.

चिठ्ठीत करीमला बगळी आली. मला म्हैस.

दुसऱ्या फेरीला करीम माझ्या पुढं होता, होडीभर अंतरावर; बाकीचे दोघे बरेच मागं. बाभळींच्या आड गेलो तेव्हा वारा मंदावला. त्यानं डब्यापासून हातभर अंतर राखून सुरेख वळण घेतलं. मला वाटलं, आतून काढली तर आत्ता गाठतो. सुकाणू दाबलं. म्हैस वळली — आणि डाव्या अंगाला आवाज आला. खर्र.

गुडघ्याचा नव्हता.

वाकून पाहिलं. डांबरावर हातभर लांब लाल पट्टा. मीच फासलेला.

त्या वेळी शीड उतरवलं असतं तर? आयुष्यभर पुरणारा किस्सा झाला असता हो! स्वतःच्या सापळ्यात सापडलेला चिटणीस! माझ्यासारख्या माणसाला याहून चांगली गोष्ट कोणी आयती दिली नसती. पण हसणारे ते आणि हसू माझं — हे मला त्या क्षणी झेपलं नाही. शिडाची दोरी दातांत धरली आणि कमरेच्या पंच्यानं पट्टा पुसला. काळ्या डांबरावर उरलेलं दिसत नव्हतं. पंचा दगडात गुंडाळून डोहात सोडला. हे सगळं वळणाच्या आत, वारा पुन्हा यायच्या आत. हात किती चपळ चालले माझे! ते आठवून आज भीती वाटते. जणू त्यांना आधीच सराव होता.

करीम पहिला आला. मी दुसरा.

आणि मग मला आठवलं — आबासाहेब डबाही बघणार. गेरू पुसलेला दिसणार, म्हणजे कोणीतरी घासलं हे नक्की. मग ते चारही होड्यांवरून हात फिरवतील. जवसाचं तेल इतक्या सहज जात नाही. डांबराच्या खाचेत कुठंतरी लाल निघेल. हां, पण आधी दुसरीकडे निघालं तर? मग पुढं कोण शोधतंय?

माझ्या उजव्या तळव्यावर गेरू होता.

वीस वर्षं मी स्वतःला सांगत आलो की लक्षात नव्हतं, सहज झालं. नाही. मी तळव्याकडे पाहिलं होतं. मग बगळीपाशी गेलो. ती नाक काठाला लावून उभी होती आणि करीम शिडाच्या दोऱ्या सोडवत होता. तिची उजवी बाजू माझ्याकडे होती. “शाबास, मिस्त्री!” असं मोठ्यानं म्हणून मी बगळीच्या अंगावर थाप मारली. चांगली खणखणीत. आणि हात खाली ओढत नेला.

पांढऱ्या रंगावर केवढा उठून दिसला!

आबासाहेबांनी सगळ्यांना बोलावलं, गेरूची युक्ती सांगितली. सगळे होड्यांकडे धावले. “अरे, बगळीले हाय! मिस्त्रीच्या होडीले!” मास्तर ओरडले. आणि जे दोन रविवार त्याच्या विरुद्ध भांडले होते, त्यांनी आधी माझ्याकडे पाहिलं. “घ्या, वकीलसाहेब. तुमचा मानूस.”

करीम होडीतून उतरला. डागापाशी आला, बोटानं थोडा गेरू घेतला, वास घेतला. “जवस,” म्हणाला. मग त्यानं डागाकडे पाहिलं. मग होडीच्या दुसऱ्या बाजूला जाऊन तिकडची बाजू पाहिली. ती स्वच्छ होती. परत आला. आणि माझ्याकडे पाहिलं.

तुमच्या लक्षात आलं ना? डबा कायम डाव्या हाताला. डाग उजव्या अंगाला. डब्यानं होडीखालून उडी मारल्याशिवाय तो तिथं लागणं शक्य नव्हतं. काठावर उभ्या असलेल्या दहा शहाण्या माणसांपैकी एकाच्याही लक्षात आलं नाही. की आलं, आणि कोणी बोललं नाही? आबासाहेबांनी चाळीस वर्षं साक्षी तपासल्या होत्या. त्यांना दिसलं नसेल? पुढं किती वर्षं मी एकेकाचा चेहरा चाचपत राहिलो. डॉक्टर मला पान देताना तसे का हसले? मास्तर एकाएकी अमरावतीला राजापेठेत का राहायला गेले? जो संशय मी इतरांत वाटत फिरलो होतो, तो सगळा माझ्या घरी परत आला आणि राहिला.

करीमच्या मात्र नक्की लक्षात आलं होतं. मी मूठ मिटून घेतली होती.

तो एवढंच म्हणाला, “आबासाहेब, माही होडी लागली नाही.”

“मंग हे काय हाय?” आबासाहेब म्हणाले.

वकिलाविरुद्ध मिस्त्रीचा शब्द — त्याचं वजन करीमला ठाऊक होतं. मलाही ठाऊक होतं. त्यावरच तर मी उभा होतो. मग तो बगळीत चढला, सावकाश शीड उतरवलं, घडी घातली आणि आबासाहेबांच्या हातात दिलं.

“तुमचा नियम हाय ना साहेब. डाग असन त शीड उतरवा. घ्या, उतरवलं.”

सगळ्यांनी ते कबुली म्हणून घेतलं. कार्यवृत्तात तसं मीच लिहिलं, सुवाच्य अक्षरात. करीमला क्लबातून काढलं. पुढं अकोल्यात त्याचं कामही कमी झालं. लोक म्हणत, जो खेळात लबाडी करतो तो लाकडात नाही करणार? वर्षभरात तो घरदार घेऊन अचलपूरकडे गेला.

आणि मी गोष्ट सांगायला लागलो.

फार रंगायची हो. पहाटेचं थंड पाणी, आबासाहेबांची दाढी, मास्तरांची आरोळी. मिस्त्रीचं नाव मी घेत नसे, एवढी माझी सभ्यता. पण त्याचा आवाज काढत असे. “माही होडी लागली नाही!” — इथं लोक पोट धरून हसायचे.

तीन वर्षांपूर्वी घरासाठी सागवान बघायला मित्रांबरोबर परतवाड्याला गेलो होतो. लाकडाच्या वखारीत चहा आला. एक मित्र वखारवाल्याला म्हणाला, “शेठ, यायले गेरूचा किस्सा सांगाले लावा. हसून हसून मरसान.” मी उठलो. पडदा नसलेला नट मी, पण सुरुवातीला खांद्यावरचं उपरणं झटकतोच. झटकलं — आणि छपरीखाली रंधा मारणारा म्हातारा मिस्त्री दिसला. दहा पावलांवर. दाढी पिकलेली. हात तेच.

त्यानं वर पाहिलं नाही. मला थांबता आलं असतं. पोट दुखतं म्हणता आलं असतं. मी काय केलं असेल, सांगा?

सांगितली. सगळी. त्याच्या समोर त्याचा आवाज काढला. नेहमीच्या जागी सगळे हसले. वखारवाल्यानं मांडीवर थाप मारली.

रंधा थांबला.

“वकीलसाहेब,” करीम म्हणाला. उठला नाही, आवाजही चढवला नाही. “डाग कोनत्या बाजूले होता?”

सगळे माझ्याकडे बघत होते, अजून हसत. एका गरीब मिस्त्रीनं गोष्टीत रस घेतला म्हणून मजेत.

मी म्हणालो, “डाव्या.”

त्यानं मान हलवली. “मंग बराबर हाय,” म्हणाला, आणि रंधा पुन्हा फळीवर ठेवला.

तो गेल्या पौषात वारला, असं वखारवाल्याकडून कळलं. त्यानंतरही मी ती गोष्ट दोनदा सांगितली आहे.

डाग उजव्या बाजूला होता.